भोंगा, खाणावळ आणि लॅपटॉप : कामाची जागा आपल्या तब्येतीचे काय करते?

"डॉक्टर, घरून काम करणे तब्येतीला चांगले, की रोज ऑफिसला जाणे?" २०२० पासून हा प्रश्न दवाखान्यात सतत कानावर पडतो. घरून काम करणारे मान धरून येतात, ऑफिसला जाणारे कंबर धरून येतात आणि दोन दिवस घरी, तीन दिवस ऑफिसात असे हायब्रिड काम करणारे दोन्ही धरून येतात!

हा प्रश्न आपल्याला नवा वाटतो, पण तो तसा नाही. गिरगाव, लालबाग, परळ, दादर या पट्ट्याने गेल्या दीडशे वर्षांत कामाच्या या तिन्ही तऱ्हा पाहिल्या आहेत. तेव्हा त्यांना अशी इंग्रजी नावे नव्हती, एवढेच. त्या काळात कोणाच्या शरीराला काय सोसावे लागले हे पाहिले, तर आजच्या प्रश्नाचे उत्तरही बऱ्यापैकी सापडते. म्हणून आज औषधांऐवजी थोडा इतिहास.

गिरणी : घरापासून हाकेच्या अंतरावर

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला मुंबईतली पहिली सूतगिरणी काढली. पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागात गिरण्या वाढत गेल्या आणि त्यांच्या आजूबाजूला चाळी उभ्या राहिल्या. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने नायगाव, वरळी, डिलाइल रोड (आजचा ना. म. जोशी मार्ग) आणि शिवडी येथे २०७ इमारती बांधल्या. त्याच आपल्या बीडीडी चाळी. एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची.

कामगार चालत कामावर जायचा. लोकलची गर्दी नाही, दीड तासाचा प्रवास नाही. आज आपण ज्याला आदर्श म्हणू अशी ही सोय होती. मग कामगार निरोगी होता का? नाही. कारण काम घराजवळ असले तरी ते संपत नव्हते.

सुरुवातीच्या काळात गिरणी सूर्योदयाला सुरू व्हायची आणि सूर्यास्ताला बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठे. सुट्टीचा ठरलेला वार नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. ती मान्य होऊन १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळू लागली. आज तुम्ही रविवारी उशिरा उठता, तेव्हा या माणसाची आठवण ठेवायला हरकत नाही.

पण रविवार मिळाला तरी बाकीचे दिवस लांबतच गेले. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादा नाहीशी झाली. काही गिरण्या दिवसाला १४-१५ तास चालू लागल्या. प्रकरण चौकशीपर्यंत गेले. १९०८ च्या कारखाना कामगार आयोगात मद्रासचे डॉ. टी. एम. नायर होते. प्रौढ पुरुषांच्या कामाचे तासही कायद्याने थेट बांधले पाहिजेत, असे सांगणारी भिन्नमतपत्रिका त्यांनी लिहिली. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत प्रौढ पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा आणली. १९२२ मध्ये ती ११ तासांवर आली, आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले.

हे सगळे का सांगतो आहे? विजेच्या दिव्याने सूर्यास्त पुसला, तसा मोबाईलने ऑफिसचा दरवाजा पुसला. नवे यंत्र आधी कामाची हद्द मोडते, आणि ती हद्द परत आखायला पुढे अनेक वर्षे लागतात. आज आपण त्या मधल्या वर्षांत आहोत.

सोमवारी भरणारी छाती

गिरणीतल्या कामाचा एक आजार डॉक्टरांनी खास लक्षात ठेवावा असा आहे. त्याचे नाव बायसिनोसिस. कापसाच्या गाठी फोडण्याच्या आणि पिंजण्याच्या खात्यात बारीक धूळ उडते. त्या धुळीत कापसाचे कण असतात, तसेच जंतूंमधून निघणारे विषारी पदार्थही असतात. त्यामुळे श्वासनलिका आकसतात. गंमत अशी की हा त्रास सर्वांत जास्त सोमवारी व्हायचा. रविवारी शरीराला धुळीपासून विश्रांती मिळाली, की सोमवारी तीच धूळ पुन्हा जोरात बाधायची. छाती भरल्यासारखी, आवळल्यासारखी वाटायची. मंगळवार-बुधवारपर्यंत कमी व्हायची. काही वर्षांनी मात्र त्रास आठवडाभर राहू लागे, आणि शेवटी काम सुटले तरी दम सुटत नसे.

परळच्या केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांचा पाच वर्षे पाठपुरावा केला आणि हा आजार इतर जुनाट श्वसनविकारांपासून वेगळा कसा ओळखायचा, याचा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या गिरणगावात आजार होता, तिथल्याच सार्वजनिक रुग्णालयात तो मोजला गेला.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हा आजार ओळखता आला, कारण कामगार एका छताखाली होते. खाते ठरलेले, पाळी ठरलेली, मस्टरवर नाव. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यामुळे पुढे उपचार आणि भरपाईचा रस्ताही झाला. परळचे गांधी हॉस्पिटल याच योजनेचे. गिरणीने कामगाराला आजार दिला हे खरे, पण तो आजार कामामुळे झाला हे सिद्ध करायची सोयही गिरणीच्या त्याच छताखाली होती.

आई गिरणीत, बाळ घरी

एके काळी गिरण्यांत स्त्रियाही मोठ्या संख्येने होत्या. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी मुंबईतील स्त्री कामगारांची पाहणी केली. तान्ह्या मुलांना अफू असलेली बाळागोळी देऊन झोपवले जाते, हे त्या काळच्या पाहणीत ठळकपणे नोंदले गेले. अफूने बाळ शांत झोपते, पण त्याची भूक मरते, श्वास मंदावतो आणि वजन वाढत नाही.

त्या आयांना दोष देऊ नका. दहा-अकरा तास आई गिरणीत, घरी सांभाळायला कोणी नाही, बाळ जवळ ठेवायची सोय नाही. तेव्हा तिच्या हाताशी असलेला उपाय तिने केला. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात देशातला पहिला प्रसूती लाभ कायदा झाला. त्या विधेयकाला विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला होता. पुढे मोठ्या कारखान्यांत पाळणाघराची सक्तीही आली. पण तोवर आणि त्यानंतरच्या दशकांत गिरण्यांतल्या स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. गिरणीतून बाहेर पडलेल्या स्त्रीचे काम थांबले नाही, ते घरात आले.

खाणावळ : तिन्ही पाळ्या, मस्टरवर नाव नाही

कोकणातून आणि घाटावरून आलेले बरेच कामगार कुटुंब गावी ठेवून यायचे. एका खोलीत गाववाले मिळून राहायचे. पहिल्या पाळीचा माणूस उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा. त्यांच्या जेवणाची सोय शेजारच्या खोलीतल्या खाणावळवाल्या बाईंकडे.

आता या बाईंच्या दिवसाकडे डॉक्टरच्या नजरेने पाहा. पहिल्या पाळीवाल्यांचा डबा भोंग्याआधी तयार हवा, म्हणजे पहाटे चारला चूल. दुपारी पाळी सुटून येणाऱ्यांचे जेवण. रात्री पुन्हा. मधल्या वेळात बाजार, पाणी, दळण, भांडी आणि स्वतःची मुले. खोली एकच, त्यातच शेगडी किंवा स्टोव्ह, त्यातच झोपणे. हे शंभर टक्के वर्क फ्रॉम होम होते. तिचे नाव एकाही मस्टरवर नव्हते आणि ती तिन्ही पाळ्या करत होती.

धुराने येणारा खोकला, उकिडवे बसून झिजलेले गुडघे, भाजल्याचे डाग, अपुरी झोप, रक्तक्षय. या आजारांना कुठल्याही कायद्यात व्यावसायिक आजार म्हणून जागा नव्हती. गिरणीतला खोकला 'कामाचा' ठरू शकत होता, खाणावळीतला खोकला 'बाईचा खोकला' राहिला. संप झाला की कामगारांचे पैसे थकायचे आणि किराण्याची उधारी व्याजासकट हिच्या डोक्यावर यायची. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या स्त्रियांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले, बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कुठे या कामाला 'काम' म्हणून ओळख मिळू लागली.

गिरगावची गच्ची : हायब्रिड काम, १९५९

हायब्रिड हा शब्द कोणी वापरत नव्हते तेव्हा, १५ मार्च १९५९ रोजी, गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. हातात भांडवल उसने घेतलेले ८० रुपये. हीच लिज्जत पापडची सुरुवात. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह!

पुढे काम वाढले, गच्ची पुरेना. मग जी पद्धत बसली ती अशी: सकाळी केंद्रावर यायचे, मळलेले पीठ वजन करून न्यायचे, घरी लाटायचे, वाळवायचे, दुसऱ्या दिवशी पापड परत आणून द्यायचे, तपासून घ्यायचे आणि लाटणीचे पैसे घ्यायचे. आज सुमारे ४५ हजार स्त्रिया या संस्थेच्या भागीदार आहेत. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

तासन्‌तास मांडी घालून लाटल्याने मनगट, खांदा आणि गुडघे दुखतात, हे मी नाकारत नाही. पण या पद्धतीत तीन गोष्टी आरोग्याच्या दृष्टीने बरोबर होत्या. नेलेले पीठ संपले की काम संपले, रात्री अकराला कोणी आणखी पीठ पाठवत नव्हते. रोज घराबाहेर पडून चार बायकांशी बोलणे होत होते. आणि केलेल्या कामाचे वजन आणि पैसे डोळ्यांसमोर होते. आजच्या किती हायब्रिड नोकऱ्यांत या तिन्ही गोष्टी आहेत?

गिरणीच्या जागी ऑफिस

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या बंद पडत गेल्या, आणि घर चालवायला बायकांनी साड्यांना फॉल-बिडिंग, मसाले, पोळ्या, राख्या असे घरबसल्या मिळेल ते काम धरले. अनेक कुटुंबे लालबाग-परळ सोडून डोंबिवली, विरार, बदलापूरकडे गेली.

मग गिरण्यांच्या जमिनीवर काचेची ऑफिसे आली. आजोबा ज्या आवारात पंधरा मिनिटे चालत जायचे, तिथेच नातू आता दीड तास लोकलमध्ये उभा राहून पोचतो. ऑफिसे वाढली, पण स्टेशनचे जिने तेवढेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी, पाऊस पडत असताना, तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा जीव गेला. कामाला जाण्याचा प्रवास हाही कामाचाच भाग आहे, हे त्या सकाळी सर्वांना दिसले.

रोजच्या प्रवासाचे नुकसान एवढे भयंकर नसते, पण साचत जाते. झोप कमी, व्यायामाला वेळ नाही. स्टेशनवर स्वच्छतागृहाची खात्री नाही, म्हणून अनेक स्त्रिया निघण्याआधी पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीचे संसर्ग आणि मुतखडे होतात.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत हीच ऑफिसे घरात शिरली. रुग्णालयांतले कर्मचारी, सफाई कामगार, पोलीस, बेस्टचे चालक-वाहक यांना घरी बसण्याची मुभा नव्हती. बाकीच्यांचे ऑफिस त्याच १६० चौरस फुटांत आले. लॅपटॉप पलंगावर, कॅमेरा भिंतीकडे, पोराची शाळा आईच्या मोबाईलवर आणि कुकरची शिट्टी मीटिंगमध्ये. परदेशच्या वेळेनुसार काम करणाऱ्यांची तर तिसरी पाळी परत आली, फक्त भोंगा न वाजता. आणि शंभर वर्षांपूर्वी बाळाला गप्प ठेवायला गोळी होती, आता मोबाईल आला. आईबापांची अडचण तीच.

मग उत्तर काय?

इतिहासाकडून मी घेतलेला धडा साधा आहे. जागा घरची असो वा कंपनीची, तब्येत बिघडते ती काम कधी संपणार हे ठरलेले नसल्यामुळे, आणि होणारा त्रास कामाचा म्हणून कोणी मोजत नसल्यामुळे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. तास घरात भरले म्हणून हृदय सवलत देईल, असे समजू नका.

म्हणून, तुम्ही कुठूनही काम करत असाल तरी:

- स्वतःचा भोंगा ठरवा. काम संपवण्याची वेळ घरच्यांना आणि सहकाऱ्यांना सांगून ठेवा. त्यानंतर लॅपटॉप नजरेआड. आठवड्यातला एक पूर्ण दिवस कामाचा फोन नाही. तो दिवस आपल्याला फुकट मिळालेला नाही.
- छोट्या खोलीत बसण्याची जागा बदलत राहा. जमिनीवर बसत असाल तर पाठीला भिंत, लॅपटॉप चौरंगावर, पडदा डोळ्यांच्या पातळीच्या जवळ. शक्य तर वेगळा कीबोर्ड घ्या. दर अर्ध्या तासाने उठा.
- डोळ्यांना लांबचे दाखवा. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहा. दहा बाय बाराच्या खोलीत वीस फूट कुठले? मग चाळीच्या गॅलरीत या आणि समोरची चाळ बघा. शेजाऱ्याशी दोन शब्द झाले तर ते औषधच.
- प्रवास करत असाल तर पाणी तोडू नका. ऑफिसला पोचल्यावर लगेच भरपूर प्या. रोज बसून जाणे जमणारे नाही, पण शक्य तेव्हा एक गाडी सोडून कमी गर्दीची पकडा.
- रात्रीचे काम असेल तर दिवसा सात तासांची सलग झोप, जाड पडदा, फोन बंद. रक्तदाब आणि साखर वर्षातून एकदा तरी तपासा.
- घरी लाटणे, शिवणे, डबे करणे हेही काम आहे. खिडकी उघडी ठेवा, ओटा उंचीला बेताचा घ्या, आणि दुखणे 'वयाचे' म्हणून सोडून देऊ नका.

छातीत दुखणे, चालताना दम लागणे, हाताला मुंग्या येऊन ताकद कमी होणे, एका बाजूला अशक्तपणा किंवा बोलताना जीभ जड होणे, यांपैकी काही झाले तर मीटिंग संपायची वाट पाहू नका. लगेच डॉक्टर गाठा.

शेवटी एक विनंती. इटलीचे डॉ. बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिले. डॉक्टरने प्रत्येक रुग्णाला 'तुम्ही काम काय करता?' हे विचारलेच पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला. आज त्यात आणखी दोन प्रश्न हवेत: काम कुठे करता, आणि ते किती वाजता संपते? आम्ही घाईत विचारायला विसरलो, तर तुम्ही आपणहून सांगा. घरी दम्याची औषधे घेणारे आजोबा असतील आणि ते गिरणीत कोणत्या खात्यात होते हे त्यांना आठवत असेल, तर तेही सांगा. आई पंचवीस वर्षे खाणावळ चालवत होती, हेही सांगा. केसपेपरवर 'गृहिणी' एवढाच शब्द लिहिला गेला, तर तिच्या खोकल्याचे अर्धे कारण तिथेच हरवते.